बाई, यावर पोट भरतं का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त गेली, कारण त्यात विचारलेल्या गोष्टीत, कॉलेजच्या मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवण्यात, माझी बत्तीस वर्षं गेली आहेत.

प्रश्न : मी दापोलीला एस. वाय. बी. ए.ला आहे. दहावीपर्यंत ठाण्यात जिम्नॅस्टिक्स करत होते, राज्य स्पर्धेपर्यंत गेले. मग बाबांची बदली झाली, बोर्डाची परीक्षा आली आणि सगळं थांबलं. हल्ली मोबाइलवर अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या स्पर्धा बघते. त्या माझ्याच वयाच्या, काही तर मोठ्या. पण माझं लक्ष त्यांच्यापेक्षा कडेला उभ्या असलेल्या हेड कोच बाईंकडे जास्त जातं. मला ते काम करायचंय. बाबा म्हणतात, त्या अरुंद तुळईवर, बीमवर चालून कुणाचं पोट भरलंय का? बाई, यावर खरंच पोट भरतं का? आणि वीस वर्षांच्या मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवण्यात अर्थ असतो, की ते वय निघून गेलेलं असतं?

उत्तर : आधी पोटाचं बोलू. बाबांवर रागावू नकोस, त्यांचा प्रश्न रास्त आहे. ‘हेड कोच, महिला जिम्नॅस्टिक्स’ अशी पाटी मी आपल्याकडच्या एकाही कॉलेजच्या दारावर पाहिलेली नाही. पद असतं शारीरिक शिक्षण संचालकाचं, आणि कॉलेजात ते एकच. त्यासाठी बी. ए. नंतर बी. पी. एड., मग किमान ५५ टक्क्यांनी एम. पी. एड., त्यावर नेट किंवा सेट, शिवाय खेळातली कामगिरी आणि धावण्याची क्षमता चाचणी. एवढं पार केलंस की वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाचीच. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. पोट व्यवस्थित भरतं. अडचण जागांची आहे. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि शिकलेली मुलं-मुली तासिका तत्त्वावर राबत बसतात. हे बाबांपासून लपवू नकोस, त्यांना आधीच सांग.

दुसरं, त्या खुर्चीवर बसलीस म्हणून जिम्नॅस्टिक्स वाट्याला येत नाही. कबड्डी, खो-खो, क्रॉस कंट्री, बुद्धिबळ, सगळे संघ तूच पाठवायचे, प्रवेशिका भरायच्या, प्रवासखर्चाची बिलं लावायची. मी हे दिवसा केलं आणि संध्याकाळी पाच ते साडेसात हॉल माझ्या मुलींसाठी मागून घेतला. १९८९ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या कॉलेजात रुजू झाले तेव्हा हॉलमध्ये काथ्याच्या चार गाद्या होत्या. बीम नव्हता. गावातल्या सुताराकडून सोळा फुटी सागाची तुळई रंधून घेतली, रुंदी बरोबर दहा सेंटिमीटर, वर रेक्झिन ताणून बसवलं. स्पर्धेचा बीम जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच असतो, आमचा पहिली दोन वर्षं जमिनीवरच होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मुंबईत. कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली १९९८ साली, त्याआधी मुलींना घेऊन रात्रीच्या एसटीने कशेडी घाट उतरायचा, पहाटे दादरला तोंड धुवायचं आणि दहाला मॅटवर उभं राहायचं. बत्तीस वर्षांत माझ्या चार मुली विद्यापीठाच्या संघात गेल्या. चारच. मला त्या चौघींचा अभिमान आहे आणि ज्या गेल्या नाहीत त्यांचाही आहे.

अमेरिकेतल्या ज्या बाई तू बघतेस त्यांचं काम वेगळं आहे, आणि ते आपोआप जन्माला आलेलं नाही. तिथे १९७२ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही. त्यामुळे कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले. मुलींच्या जिम्नॅस्टिक्सची एनसीएएची (तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची) राष्ट्रीय स्पर्धा १९८२ साली सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद युटा विद्यापीठाने घेतलं. तिथली हेड कोच शाळकरी मुलींमधून संघ निवडते, शिष्यवृत्त्या कुणाला द्यायच्या ते ठरवते, साहाय्यक प्रशिक्षक नेमते, जानेवारी ते एप्रिल दर आठवड्याला संघ स्पर्धेत उतरवते. हा पूर्ण वेळचा, पगारी पेशा आहे. एक गोष्ट मात्र मनाला लागते. त्या कायद्याच्या वेळी मुलींच्या कॉलेज संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. पगार आणि मान वाढला तशा पुरुषांनी त्या जागा घेतल्या आणि सगळे खेळ धरले तर आज बायका निम्म्याहून कमी आहेत. म्हणून तुझ्यासारखी मुलगी हे काम मागते तेव्हा मला फार बरं वाटतं.

त्यांच्या गुणांची पद्धतही नीट बघ. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून दहापैकी दहा ही कल्पना २००६ साली गेली, कॉलेजात ती राहिली. प्रत्येक साधनावर सहा जणी उतरतात आणि वरच्या पाच जणींचे गुण धरतात. व्हॉल्ट (धावत येऊन मारायची उडी), बार (दोन उंचींचे दांडे), बीम, फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) मिळून अशा वीस कसरतींचे गुण, कमाल २००. एखादी बीमवरून पडली तर तिचा गुण गळतो, संघ तरतो. पण दुसरी पडली की तो गुण धरावाच लागतो. म्हणून पहिली पडल्यावर पुढच्या मुलीच्या मनाचं काय करायचं, हे प्रशिक्षकाच्या कामातलं फार मोठं काम आहे.

आता तुझा खरा प्रश्न, वयाचा. आपल्याकडे दहावीला जिम्नॅस्टिक्स संपतं, कारण अभ्यास आडवा येतो आणि त्याच सुमाराला शरीर बदलतं. बारा वर्षांच्या मुलीची कंबर आणि एकोणिसाव्या वर्षीची कंबर एक नसते. उंची वाढते, नितंब भरतात, शरीराचा गुरुत्वमध्य सरकतो. लहानपणी डोळे मिटून मारलेली बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे मागे हातांवर झेपावून पायांवर यायची उडी, आता डोक्यावर आणते. मुलीला वाटतं, माझं जिम्नॅस्टिक्स गेलं. गेलेलं नसतं, ते नव्या शरीरावर नव्याने बसवायचं असतं. जमिनीवर खडूने दहा सेंटिमीटरचा पट्टा आखायचा, त्यावर पन्नासदा. मग जमिनीवरच्या बीमवर. मग वरच्या बीमवर, दोन्ही बाजूंना बीमच्या उंचीपर्यंत गाद्या रचून. मग एकेक गादी काढत जायचं. बारा वर्षांची मुलगी हे सांगाल म्हणून करते. वीस वर्षांची मुलगी पटलं तरच करते. कॉलेजची कोच आणि क्लासची कोच यांच्यातला सगळा फरक मला इथे दिसतो. मोठ्या मुलीला विचारून शिकवावं लागतं.

हे मला आधी कळलं नव्हतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत मी डिप्लोमा केला, तंत्र उत्तम शिकले. (ती संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आहे. पदवीनंतर तूही तिथल्या डिप्लोमाला अर्ज कर.) पण मुलींशी वागायचं कसं, ते मी माझ्या लहानपणच्या सरांसारखं धरलं. दर शनिवारी सगळ्यांसमोर वजन करायचं आणि आकडा भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचा. १९९३ साली खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून येणारी एफ. वाय.ची एक मुलगी होती, संघातली सगळ्यात हलकी उडी तिची. एका शनिवारी संध्याकाळी ती बीमवर वळता वळता उभ्याउभ्याच खाली आली. चक्कर आली होती. मनगट मोडलं. दवाखान्यात तिच्या आईने दप्तर उघडलं तर आत डबा. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी, भाकरीला चटणीचं तेलही लागलेलं नव्हतं. आई मला काही बोलली नाही. तिने डबा परत लावला आणि पदराने पुसला.

सोमवारी मी तक्ता काढला आणि मुलींना गोल बसवून विचारलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक म्हणाली, “बाई, शनिवारी वजन असतं म्हणून शुक्रवारी रात्री आम्ही जेवत नाही. सगळ्याच.” चार वर्षं मी त्यांच्यासोबत रोज अडीच तास होते आणि मला हे माहीत नव्हतं.

ती मुलगी प्लास्टर काढल्यावर परत आली नाही. मी तिच्या घरी गेले होते. ती अंगणात मासळी वाळत घालत होती, “येते बाई” म्हणाली. आली नाही. वजनकाटा पुन्हा हॉलमध्ये आला नाही. दुसरं एक बदललं. कुठलीही नवी उडी करताना मुलीने आधी सांगायचं: दोन हात, एक हात, की नुसत्या उभ्या राहा. सपोर्ट किती हवा ते तिने ठरवायचं, मी तेवढाच द्यायचा. सुरुवातीला मला भीती वाटली, मुली कायम दोन हातच मागतील. तसं झालं नाही. बहुतेक जणी माझ्या अंदाजाच्या आधीच ‘एक हात’वर आल्या, आणि जी दोन हातांवर अडून राहिली तिला खरोखरच काहीतरी होत असे: पाठ दुखत असे, नाहीतर घरी काही घडलेलं असे.

व्हॅलरी कोंडोस फील्ड यांचं नाव तू ऐकलं असशील. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात त्या १९९१ ते २०१९ हेड कोच होत्या आणि त्यांच्या संघांनी सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्या स्वतः कधीच जिम्नॅस्ट नव्हत्या, बॅले नर्तिका होत्या. सुरुवातीला आपण इतर कडक प्रशिक्षकांची नक्कल करत होतो आणि त्यातून काही साधलं नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. त्यांच्या केटलिन ओहाशीची फ्लोअरवरची दहापैकी दहाची रचना जानेवारी २०१९ मध्ये जगभर पाहिली गेली. ती बघताना उड्या बघच, पण कडेला नाचणाऱ्या तिच्या मैत्रिणीही बघ.

आणि वय निघून गेलं म्हणतेस, तर दीपा कर्माकर आठव. रिओ ऑलिंपिकला २०१६ साली व्हॉल्टवर ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकलं. तेव्हा ती नुकतीच २३ वर्षांची झाली होती, म्हणजे आपल्या हिशेबाने एम. ए.ची मुलगी. २०२४ साली ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने व्हॉल्टचं सुवर्ण घेतलं ते तिशीत. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना टोकियो ऑलिंपिकमध्ये ४६ व्या वर्षी धावपट्टीवर उभी होती. तू वीस वर्षांची आहेस.

आता कर काय? दापोलीत जवळच्या शाळेत जा, क्रीडा शिक्षकांना भेट आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांच्या कोलांट्या घ्यायला माग. पैसे मागू नकोस. एक वही ठेव. रोज एका मुलीबद्दल चार ओळी: तिने काय मागितलं, तू काय दिलंस, काय झालं. वर्षभराने ती वही घेऊन मला भेटायला ये. मी रत्नागिरीतच असते.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची, चिपळूणला कॉलेजात आहे आणि दोरीचा मल्लखांब करते. पाच महिने तिची पाळी आलेली नाही. तिची मैत्रीण म्हणते, खेळणाऱ्या मुलींचं असंच होतं, उलट सराव चांगला चालल्याची खूण आहे. खरं आहे का?

उत्तर : नाही. ताई, हे अजिबात खरं नाही आणि याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. कारणं इतरही असू शकतात, ती डॉक्टरच तपासतील. पण खेळणाऱ्या मुलींत एक कारण वारंवार दिसतं. शरीर जितकं खर्च करतं तितकं पोटात जात नाही. मग शरीर काटकसर करतं आणि पहिल्यांदा पाळी बंद करतं. त्यापाठोपाठ हाडं कमकुवत होतात, बारीक चिरा पडतात, जखमा लवकर भरत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. बारीक नसलेल्या मुलीलाही हे होऊ शकतं.

तिला “खात नाहीस” म्हणून रागावू नका. बसून दिवसाचा हिशेब मांडा: सकाळी सातची एसटी, त्याआधी फक्त चहा, दुपारी कँटीनचा वडापाव, पाच ते सात दोरी, घरी साडेआठ. म्हणजे सगळ्यात जास्त खर्चाच्या आधी पोट रिकामं. सरावाच्या तासभर आधी काहीतरी हवंच. केळं, नाचणीचा लाडू, शेंगदाणे-गूळ, चपातीची गुंडाळी. घरी कुळथाची पिठी, अंडं, मासळी. आपल्याकडे हे सगळं घरात असतं, फक्त वेळेवर तिच्या हातात पडायला हवं. डॉक्टर सांगेपर्यंत दोरीवरचे उलटे लटकायचे आणि सुटून पकडायचे प्रकार बंद; साध्या अढ्या आणि आसनं चालतील, तीही डॉक्टरांना विचारून. तिच्या प्रशिक्षकांनाही ही पाळीची गोष्ट कळू द्या. ते संकोचले तर संकोचू देत.

प्रश्न : सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात मुलगी १५ वर्षांची, जिम्नॅस्टिक्स शिकते. प्रशिक्षक पुरुष आहेत, माणूस चांगला वाटतो. पण सपोर्ट देताना हात लागतो, म्हणून घरात वाद आहे. तिला काढू का?

उत्तर : हात लागणारच, त्याशिवाय हे शिकवता येत नाही. बॅक हँडस्प्रिंगला एक हात कमरेच्या मागे आणि दुसरा मांडीच्या मागच्या बाजूला, तेही ती हवेत असतानाच्या क्षणापुरते. हे तुम्ही स्वतः एकदा हॉलमध्ये बसून बघा म्हणजे काय योग्य ते तुमच्या डोळ्यांना कळेल. मग प्रशिक्षकांना तीन गोष्टी विचारा. हात कुठे लागेल हे तुम्ही मुलीला आधी सांगता का? ती नको म्हणाली तर थांबता का? सरावाला पालक बसले तर चालतील का? चांगला माणूस तिन्हीला हो म्हणेल आणि त्याला प्रश्नाचा राग येणार नाही. दार उघडं असावं, सरावाच्या वेळी दुसरं मोठं माणूस हजर असावं, मालिश किंवा दुखण्यावरचे उपचार बंद खोलीत कधीही नकोत, मेसेज मुलीला एकटीला नकोत, पालकांच्या ग्रुपवर असावेत.

‘माणूस चांगला वाटतो’ एवढ्यावर मात्र थांबू नका. अमेरिकेत लॅरी नासर नावाचा डॉक्टर राष्ट्रीय संघाचा आणि एका विद्यापीठाच्या मुलींचा होता. तो सगळ्यांना चांगलाच वाटत होता. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून जास्त जणींनी न्यायालयात उभं राहून त्याने उपचाराच्या नावाखाली कसे लैंगिक अत्याचार केले ते सांगितलं. त्यातल्या काहींनी १९९० च्या दशकातच मोठ्या माणसांना सांगितलं होतं आणि त्यांना गप्प केलं गेलं. म्हणून घरातल्या वादात मुलीला बाहेर पाठवू नका. तिला विचारा, तिला कसं वाटतं. तुमची मुलगी १८ च्या आतली आहे, म्हणजे काही वावगं घडलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि घडल्याचं कळलेल्या माणसाने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पुढे कॉलेजात गेल्यावर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी तिथली अंतर्गत तक्रार समिती असते, २०१३ च्या कायद्याने ती असावीच लागते. समितीतल्या बाईंचं नाव प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्या.

सगळं नीट असेल तर काढू नका. पंधराव्या वर्षी काढलेल्या मुली परत येत नाहीत, हे मी फार पाहिलंय.

प्रश्न : श्रीवर्धनला शाळेत क्रीडा शिक्षक आहे. देणगीत जुने अनईव्हन बार (कमी-जास्त उंचीचे दोन दांडे) आणि गाद्या मिळाल्या. समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

उत्तर : गाद्या जमिनीला टेकवू नका, बांबूच्या माचीवर उभ्या ठेवा आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात टाकल्यात तर रेक्झिन तडकतं आणि आत पाणी शिरतं. हाताला लावायची मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर उघड्या खोक्यात ठेवली तर श्रावणापर्यंत तिचे ढेकूळ होतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या आणि रोज लागेल तेवढीच बाहेर काढा.

खरी भीती बार जमिनीला ताणून धरणाऱ्या तारांची. खारी हवा लोखंड आतून खाते. आणि कृपा करून गंजावर रंग मारू नका, रंगाखाली तो दिसेनासा होतो. तार एकदम तुटत नाही, आधी तिचा एकेक बारीक धागा सुटतो. दर सोमवारी ताण सैल करून कोरडं सुती फडकं तारेवरून टोकापासून टोकापर्यंत फिरवा. फडकं जिथे अडकेल तिथे धागा सुटलेला आहे. ती तार त्याच दिवशी काढा आणि नवी येईपर्यंत बारला कुणालाही हात लावू देऊ नका, मोठ्या मुलांनाही नाही. जमिनीतल्या हुकांभोवतीचं सिमेंट टाचेने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गवंडी बोलवा. तोवर मुलींना गाद्यांवर हँडस्टँड आणि कमान घ्या, त्यात महिना सहज जातो.